बापाच्या मांडीवरची मशीनगन

...नाही नाही, तुम्ही घ्या हो! जरूर घ्या मशीनगन! इथे केंटकीच्या डोंगरात तुम्हाला अडवतंय कोण? फक्त आमच्या म्हाताऱ्यांचे सल्ले ऐकत बसू नका. एक म्हणेल, एकोणीसशे शहाऐंशीच्या मे महिन्याआधी सरकारदरबारी नोंदलेलीच घे, नंतरची आपल्याला मिळत नाही. बरोबर. दुसरा म्हणेल, बंदुकीवरचा नंबर आणि कागदावरचा नंबर ताडून बघ. तेही बरोबर. पण खरं कामाचं बोलला तो एकटा डेलबर्ट, आमचा बंदूकवाला. तो म्हणाला, एकट्याच्या नावावर घेऊ नकोस, बंदुकीसाठी कागदोपत्री ट्रस्ट कर, त्यात घरातलं आणखी एक नाव घाल, म्हणजे उद्या तुला काही झालं तर त्यालाही ती बाळगता येईल. आणि नेमकं तेवढंच माझ्या बापानं ऐकलं नाही! म्हणून तुम्हाला सांगतो... मशीनगन घ्या, पण ट्रस्ट करा!

बाप म्हणजे व्हर्नन. उभा जन्म खाणीत कोळसा काढला आणि तेवढाच छातीत भरून घेतला. नाकात नळी, पायाशी ऑक्सिजनचं नळकांडं, आणि डोक्यात एकच किडा. आज्यानं युद्धात चालवली होती तसली जुनी टॉमीगन, म्हणजे हातात धरायची मशीनगन, घ्यायची आणि मरायच्या आधी एकदा, एकदाच, आपल्या टेकडीवर वाजवायची! त्यासाठी होडी विकली, टेकडीखालचं रान विकलं. आई शहाणी, ती आधीच निघून गेली होती.

तर डेलबर्ट विचारतो, "व्हर्नन, तुझ्या ट्रॉयचं नाव घालू ना ट्रस्टमध्ये?" मी तिथेच उभा, नळकांडं हातात धरून! बापानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, जत्रेत म्हातारं खेचर बघतात तसं. "याचं? कॉलेज अर्ध्यात टाकून आलेल्याचं? अरे, याला मी गवत कापायचं यंत्र देत नाही, मशीनगन कुठली देतोस!" दुकानात चार गिऱ्हाइकं, चारही हसली. आता कॉलेज मी का सोडलं? ही नळकांडी बदलायला कोण येणार होतं, डेलबर्टची बायको? मी नळकांडं दुसऱ्या हातात घेतलं. आमच्यात बोलत नाहीत.

मग बोटांचे ठसे, फोटो, सरकारचा कर, आणि वाट बघणं. तुम्हाला वाटतं, बंदूक घेतली म्हणजे मिळाली? छे! मंजुरी येईपर्यंत ती दुकानदाराच्या तिजोरीत. तुम्ही फक्त भेटायला जायचं, तुरुंगातल्या मेव्हण्याला भेटतात तसं. दर शनिवारी डेलबर्ट काउंटरवर कापड अंथरून तिला वर ठेवणार, बाप तिचा लाकडी दस्ता चोळणार. "काय गं राणी, बरी आहेस ना?" मला जन्मात कधी विचारलं असेल तर शपथ! म्हणून म्हणतो, मशीनगन घ्या, पण ट्रस्ट करा!

मंजुरी आली तेव्हा बाप इस्पितळात. मी ट्रक दामटत दुकानात. "दे इकडे, त्याला नेऊन दाखवतो."

"इस्पितळात? मशीनगन? अक्कल गहाण टाकलीस का रे?" डेलबर्ट म्हणाला. "आणि तुझं नाव नाहीये, पोरा. त्यानं स्वतः यायला हवं."

"तो मरतोय, डेलबर्ट!"

"मग लवकर आण."

हे आमचे वडीलधारे! पण बाप आला. नर्स ओरडतेय, डॉक्टर हात जोडतोय, आणि हा नळकांड्यासकट चाकाच्या खुर्चीत. दुकानात सही ठोकली, बंदूक मांडीवर घेतली, ट्रकमध्ये बसला. "चल टेकडीवर."

मी म्हटलं, "डॅडी, झाडताना ऑक्सिजन बंद करावा लागेल हां."

"एवढंच शिकलास का रे कॉलेजात?"

हे शेवटचं वाक्य. ओढ्यावरच्या पुलापाशी त्याची मान कलली. हाक मारली. हलवलं. ट्रक थांबवून छातीला कान लावला. नळी फसफसत होती, बाकी काही नाही. बोटं दस्त्यावर घट्ट.

आता बघा, बाप गेलेला, रडायला तोंड उघडलं, आणि डोक्यात पहिलं काय आलं? की या ट्रकमध्ये आता जिता माणूस एकच, आणि त्याच्यापाशी दुसऱ्याच्या नावची मशीनगन! म्हणजे तुरुंगच की! बापाच्या मरणाचं दुःख करायचीसुद्धा मला परवानगी नाही! समोर टेकडी दिसत होती. पाच मिनिटांचा रस्ता. त्याच्यासाठी एकदा वाजवावी...?

वळवला ट्रक. इस्पितळाकडे नाही, घराकडे नाही. डेलबर्टकडे. शेजारी बाप, पट्टा लावलेला.

डेलबर्ट बाहेर आला. टोपी काढली. आधी बोटं एकेक करून सोडवली, बंदूक आत नेऊन कुलपात टाकली, आणि मग येऊन बापाचे डोळे मिटले. मी त्याला ठेवणीतल्या शिव्या घातल्या. "आधी ती आत नेली ती तुझ्यासाठीच, गाढवा," एवढंच म्हणाला.

वारस मी एकटा. वारसाला कर नाही, पण मंजुरी लागतेच, आणि तोवर ती डेलबर्टच्या तिजोरीत. दर शनिवारी जातो मी. तो कापड अंथरतो, तिला वर ठेवतो. मी हात लावत नाही. लावला तर बोलायला लागेन तिच्याशी.

परवा डेलबर्ट म्हणाला, "या खेपेला तरी ऐका रे तुम्ही लोक. ट्रस्ट कर, घरातलं आणखी एक नाव घाल."

बरोबर बोलला म्हातारा. तुम्हीही मशीनगन घ्या, पण ट्रस्ट करा. फक्त ते दुसरं नाव आधी बघून ठेवा... मी रोज जेवताना समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघतो, अजून काही सुचलेलं नाही.