थोरलीला धाडलेली खुशाली

...नाही नाही, पत्र घालू नका असं मी म्हणतच नाही! घाला, हजार घाला. पण दुसऱ्याकडून लिहून घेतलंत तर आधी वाचून घ्या, निदान वरची खुशाली तरी! मधला मजकूर काय हो, एका दमात संपतो. पण आपल्या गावात मजकुराला विचारतो कोण? घर पेटलेलं असलं तरी सांगायला येणारा आधी दारात उभा राहणार, 'जिवंत राहा, सुखी राहा, निरोगी राहा!' मग आपण म्हणायचं, 'शांतीने आलास, शांतीने आलास! तूही जिवंत राहा, सुखी राहा, निरोगी राहा!' आणि मग तो म्हणणार, 'बरं का, तुझं छप्पर पेटलंय.'

तुम्हाला सांगतो, मी पेनदुआ, साधा गिलावा करणारा माणूस. राजाच्या थडग्याच्या भिंती मी घोटून गुळगुळीत करायच्या आणि चिताऱ्यांनी त्यावर रंग मारून नाव कमवायचं. अक्षर काही माझ्या वाट्याला आलं नाही. माझी पहिली बायको हुनेरो. तिला पश्चिमेला, मेलेल्यांच्या मुलुखात, जाऊन तीन वर्षं झाली. बाई सोन्यासारखी हो, पण आवाज! तिने मला हाक मारली की गावाला पाणी आणणाऱ्या कासा पाणक्याची गाढवं वेशीवर जागच्या जागी थांबायची. ती गेली, मग मी मेरुतशी घर मांडलं. मेरुत म्हणजे गोगलगाय. दोनदा तिला दिवस गेले आणि दोन्ही वेळा पदरी काही पडलं नाही. तिसऱ्यांदा दिवस भरत आले तशी ती झोपेत किंचाळून उठायला लागली. मी गावातल्या जाणतीकडे गेलो. ती म्हणाली, 'थोरली रुसलीये रे! तिला न विचारता घर मांडलंस ना? पत्र घाल तिला, नाहीतर हेही मूल हाती लागायचं नाही, आणि बायकोही.'

आता मेलेल्याला पत्र कसं घालतात ते काय तुम्हाला सांगायचं? वाडग्याच्या आत लिहायचं, वर आवडीचं खाणं मांडायचं, थडग्यात ठेवून यायचं. माणूस जेवायला येतं, खाणं संपतं, खालचं अक्षर दिसतं. मी कारकून इपुयला गाठलं. म्हटलं, 'लिही. हुनेरो, रुसू नकोस, मेरुतचं बाळंतपण सुखरूप होऊ दे, आणि तू आहेस तिथेच आनंदात राहा.' 'तिथेच' दोनदा सांगितलं हो मी, दोनदा! इपुय म्हणाला, 'खुशाली माझ्यावर सोड. अशी लिहितो की वाचणाऱ्याला रडू फुटेल.'

परवा पहाटे मेरुतला कळा सुरू झाल्या. सुईण तेन्त मावशीने तिला बाळंतपणाच्या विटांवर बसवलं आणि मला घराबाहेर हाकललं. मी वाडगं घेऊन टेकडी चढलो. भाजलेलं बदक, कांदे, अंजिरं... बदक म्हणजे हुनेरोचा जीव की प्राण! ठेवलं, हात उंचावून नमस्कार केला आणि खाली उतरलो. जरा हलकं वाटत होतं.

खाली इपुय दारात बसलेला. पत्राचा कच्चा मजकूर लिहिलेली खापरी त्याच्या हातात. 'ऐकवू?' म्हणाला. मी झक मारली आणि 'ऐकव' म्हटलं! तो डोळे मिटून, गळा लावून सुरू झाला, 'हुनेरोस, जिवंत राहा, सुखी राहा, निरोगी राहा! तू एकशे दहा वर्षं जगावंस...' म्हटलं, 'अरे, ती मेलीये!' 'पुढे ऐक रे! मी रोज आमूनरायाला सांगतो, तिला धडधाकट परत आण, लवकर परत आण, मला तिला डोळे भरून पाहू दे, मला तिला कवेत घेऊ दे!'

मंडळी... मी त्याच्या हातातली खापरी हिसकावली. 'गाढवा, हे काय लिहिलंस?' तर म्हणतो कसा, 'खुशाली! नूबियात गेलेल्या शिपायांना बावीस वर्षं हीच धाडतोय, एकाचीही तक्रार नाही!' 'अरे, शिपाई परत यायला हवे असतात! मी म्हटलं होतं तिथेच राहा!' 'ते आहे की. अगदी खाली. जागा उरली नव्हती म्हणून जरा बारीक झालंय.'

बारीक झालंय! घरात मेरुत विटांवर, आणि मी थोरलीला हाताला धरून बोलावलेलं! ती आली तर कुठे येणार? त्याच खोलीत ना? मेरुतच्या उशाशी उभी राहून म्हणणार, 'कोण गं तू?' मी धावत सुटलो. मनात एकच, बदक अजून जागेवर असलं तर अक्षर झाकलेलं आहे, अजून वाचलेलं नाही...

तर चढणीच्या तोंडाशी कोण? मुकादम नेबनेफेर! आता मुकादमाला ओलांडून जाता येतं का? 'जिवंत राहा, सुखी राहा, निरोगी राहा, पेनदुआ! आमूनच्या कृपेत राहा, आमूनच्या देवीच्या कृपेत राहा, खोन्सूच्या...' एकेक देव घेतोय म्हातारा, सावकाश! 'बायको कशी आहे?' 'कळा देतेय, मालक!' 'वा, वा. आणि गाढव?' तेवढ्यात खालून मेरुतची किंकाळी आली. मुकादम म्हणतो, 'गाढवाचं सांगितलं नाहीस.' 'जिवंत आहे, सुखी आहे, निरोगी आहे!' असं ओरडून मी पळालो. मुकादमाला पाठ दाखवून! म्हटलं, उद्या काय होईल ते होवो.

वर पोचलो. वाडगं रिकामं.

बदक नाही, कांदा नाही, हाड नाही. चाटूनपुसून लख्ख! खाली इपुयचं वळणदार अक्षर चमकतंय. धुळीत कोल्ह्याचे पंजे उमटले होते म्हणा... पण थडग्यापाशी येणारा कोल्हा मेलेल्यांच्या देवाचा माणूस असतो हे आपल्याला ठाऊक नाही का? मी थुंकी लावून, बोटं झिजवून अक्षरं पुसायला लागलो. आणि मग लक्षात आलं, खालून आवाज येत नाहीये. मेरुत ओरडत नाहीये.

कसा उतरलो देव जाणे. गुडघे फुटले, एक चप्पल वरच राहिली. दारात तेन्त मावशी आडवी उभी. 'मावशी, मेरुत...' 'आधी खुशाली! बाळंतिणीच्या दारात उभा आहेस, रीत नाही का?' मी तोंड उघडलं... आणि तुम्हाला सांगतो, ते तीन शब्द मी जन्मभर पोपटासारखे म्हणत आलो, त्या दिवशी ते घशातून निघेनात. 'जिवंत...' म्हटलं, 'सुखी... निरोगी...' आणि रडायलाच लागलो हो, भर गल्लीत!

मावशीने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, 'जिवंत, सुखी, निरोगी. दोघीही.'

दोघीही!

आत गेलो. मेरुत घामाने भिजलेली, पण हसत होती. म्हणाली, 'अहो, सोसवेना तेव्हा मी ताईंचा धावा केला. म्हटलं, ताई, मला सोडवा, मुलगी झाली तर तुमचंच नाव ठेवीन. आणि तत्क्षणी मोकळी झाले बघा! मी नाव घेतलं, मावशीने ऐकलं. हुनेरो!' मूल जन्मताना आईच्या तोंडून निघालेलं नाव, ते आता बदलायचं कुणी? मावशीने गाठोडं माझ्या हातात दिलं. म्हणाली, 'घे कवेत. बघ डोळे भरून.'

आता बोला! इपुयला काय बोलणार? धडधाकट म्हटलं होतं, धडधाकट आली. लवकर म्हटलं होतं, दुपारच्या आत आली! मी काय करणार, घरी आलेल्याला म्हणतात ते म्हटलं, 'शांतीने आलीस, हुनेरो, शांतीने आलीस...' तिने एक डोळा उघडला, मला नीट ओळखून घेतलं, आणि असा गळा काढला की वेशीवर कासाची गाढवं जागच्या जागी थांबली.

आणि एकशे दहा वर्षं लिहून दिलीयेत हो तिला!