टॉमची दुसरी गोळी

बहारीनच्या आमच्या वर्कशॉपमधल्या टॉमचं तुम्हाला कधी सांगितलं का? एक्याऐंशी-ब्याऐंशीची गोष्ट असेल. हा आमचा अमेरिकन फोरमन, शिकारीचा भारी वेडा. हरणाच्या शिकारीसाठी त्याच्या अमेरिकेतल्या घरी सेमी-ऑटोमॅटिक रायफल होती. एक गोळी सुटली की पुढची आपोआप आत येणारी. चहाच्या सुट्टीत त्याचा विषय एकच, काडतुसं. हलक्या गोळ्या त्या रायफलीतून विखरून लागायच्या, जड गोळ्या मात्र एकीला एक चिकटून. "हिला ह्याच मानवतात," असं तो कौतुकानं सांगायचा.

एकदा रजेवरून परतला तो गप्पच. आमच्या ड्रायव्हर सावंतांना राहवेना. त्यांनी विचारलं, "काय टॉमसाहेब, नेम चुकला?"

"नाही. पहिल्याच गोळीत हरीण कोसळलं," तो म्हणाला. "पण माझं बोट थांबलं नाही. दुसरी गोळी मागं उभ्या असलेल्या हरिणीच्या पायात घुसली. ती पळाली. अंधार पडेपर्यंत रक्ताच्या मागावर फिरलो, पण सापडली नाही."

मी म्हटलं, "मग आता रायफल विकणार?"

"नाही," टॉम म्हणाला. "पण यापुढं एका वेळी एकच काडतूस भरणार. दुसरं हातानं भरायचं म्हणजे थांबावं लागतं. तेवढ्यात तरी समोर कोण उभं आहे, ते दिसेल."