पंचेचाळिसाची तबकडी, तेहतिसावर

दातांच्या दवाखान्यात चिमणी सुजलेला गाल धरून बसली होती. लोकांचं बोलणं चोरून ऐकू नये हे तिला माहीत होतं, पण शेजारच्या बाकावरचे संगीतसमीक्षक काका आणि त्यांची ताई इतकं रंगात बोलत होते, की चिमणीची दाढही ऐकायला लागली.

“ताई, त्या इलेक्ट्रॉनिक संगीताच्या तबकडीवर मी पेपरात काय लिहिलं होतं, आठवतं?”

“‘समुद्राच्या तळाशी उसासे टाकणारं संगीत.’ कात्रण जपून ठेवलंय मी.”

“फाडून टाक. काल तुझ्या लेकीनं प्लेयरचा वेग मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवरून पंचेचाळिसावर नेला. अगं, ते नाचाचं गाणं निघालं! उड्या मारायचं!”

“म्हणजे दोन वर्षं तू...”

“चुकीच्या वेगानं ऐकून रडलो. डोळे मिटून. शाल पांघरून.”

“अगंबाई! आणि आज संध्याकाळी त्याच संगीतकाराची ओळख तूच करून देणार ना?”

“भरल्या सभागृहात. त्यानं माझा लेख वाचलाय म्हणे.”

“मग खरं सांगून टाक.”

“एवढा मोठा समीक्षक आणि साधं बटण कळत नाही? त्यापेक्षा दाढ काढतो. दिवसभर बोलायची मनाई.”

“दुखतेय कोणती पण?”

काकांनी आधी उजवा गाल धरला, मग डावा.

चिमणी फिस्सकन हसली आणि कळ थेट कानात गेली.

तेवढ्यात नर्सबाई दारात आल्या. “चला काका. कोणती काढायची?”

“ताई, तूच सांग ना गं.”

“एकही नको, बाई. संध्याकाळी याला सगळ्यांसमोर स्वतःवर हसायचंय, सगळे दात लागतील.”