सुमनची तोंडी परीक्षा

चहा घ्या नाना, आणि हसू नका. ही गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही.

आमची सुमन जन्मापासून अडखळत बोलते. एक वाक्य पुरं करायला तिला वेळ लागतो. म्हणून कंडक्टर असो की डॉक्टर, तिच्या वतीनं मीच उत्तर देत आलो. आता ती पिंप्राळ्यात घरी बसून, मोबाईलवर एम.ए. करते. विषय अपंगांचे हक्क. मी चौथी शिकलेला, पण तोंडी परीक्षेला मोबाईल धरून शेजारी बसलो. नापास झाली तर वर्ष गेलं असतं.

मॅडमनी विचारलं, "सुमन, माणसाचा हक्क डावलतात म्हणजे काय करतात? एखादं उदाहरण दे."

सुमननं तोंड उघडलं आणि शब्द अडकला. मॅडम थांबल्या होत्या. मला थांबवेना.

"मॅडम, तिला सगळं येतं. दिवसभर वाचत असते. पास करा."

"काका, प्रश्न तिला आहे."

"मी बाप आहे तिचा!"

तेवढ्यात सुमन बोलली, एकेक शब्द ओढून काढत. "मॅडम... उदाहरण... आत्ताच घडलं. प्रश्न... मला होता."

मी मोबाईल तांब्याला टेकवून उभा केला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

थोड्या वेळानं आमची मंडळी बाजारातून आली. पिशवी हातातच. "काय इचारलं हो पोरीले?"

म्हटलं, "तिलेच इचार."