म्हशीची खिडकी

आता भिताड पुन्हा फोडायचं म्हणजे... तुमाला सांगतो, माणसानं काईबी करावं, पण गावात ऱ्हाऊन घराला खिडकी काढू नये! साधी खिडकी हो, चुलीचा धूर जायला. मला कुठली हौस? पेडगावला पोरगी बघायला गेलो, तवा त्या पंचफुलानं खाली बघत एकच इचारलं, "सैपाकघराला खिडकी हाय का? माझ्या मायचे डोळे गेले धुरानं." आता मी आधीच लाजरा, गुरुजी "उभा राहून बोल" म्हणले त्या दिवशी शाळा सोडलेला माणूस... मी काय म्हणणार? म्हणलं, "हाव."

अन् घरात खिडकीच न्हाई! अन् पोरीचा बाप पुढच्या बाजारच्या दिवशी घर बघायला येणार!

लागलो कामाला. उगवतीचं भिताड फोडलं, तर पलीकडून धुरपताकाकू पदर खोचून, "का रे बन्सी, आमच्या न्हाणीत बघायला खिडकी काढायलास का?" अरे देवा! बाईमाणूस समोरून आलं तर मी वाट सोडून काट्यात उभा ऱ्हातो! "बुजव आधी!" मी काय म्हणणार? म्हणलं, "हाव." बुजवली.

दक्षिणेला कुदळ लावली, तर माणिककाका कानाला ट्रान्झिस्टर लावून हजर. "रेडिओवर सांगितलंय, घर हवेशीर पाहिजे." लय बरं वाटलं हो! "पण दक्षिणेला? यमाला जेवायला बोलावतूस काय?" हाव. बुजवली. मावळतीला माय आडवी आली, "तिकडं देवळी हाय, देवाच्या पाठीला भोक पाडतूस, मुडद्या?" हाव!

ऱ्हायलं उत्तरेचं. त्याच्या पलीकडं गोठा. फोडलं. धूर सरळ गोठ्यात, अन् म्हैस लागली ठसकायला! माय म्हणती, "मुक्या जनावराचे डोळे जातील, गोठ्याला भाईरून खिडकी काढ." काढली. चांगली ऐसपैस काढली! तवर म्हशीनं आतल्या खिडकीतून मुंडकं घालून भाकरीची दुरडी रिकामी केली. "ही बुजव!" हाव!

म्हणजे बघा... म्हैस खिडकीत वारं खायली, अन् सैपाकघर होतं तसंच काळंठिक्कर! अन् तेवढ्यात दारात बैलगाडी. पोरीचा बाप, आश्रुबा. भिताडाची ठिगळं बघितली त्यानं. मग गोठ्यापुढं थांबला अन् गहिवरून म्हणला, "पावणं, ज्या घरात म्हशीला खिडकी, तिथं माझ्या लेकीला काय कमी असंल? सैपाकघर बघायची गरजच न्हाई, असंलच ना खिडकी?" खरं अगदी ओठावर आलं होतं हो... पण मी काय म्हणणार?

लगीन झालं. पंचफुला सैपाकघरात गेली, डोळे पुसत भाईर आली, माझ्याकडं नुसतं बघितलं. ते लय वाईट! दुसऱ्या दिवशी तिनं गोठा सारवला, खिडकीखाली नवी चूल घातली, अन् म्हैस नेऊन बांधली सैपाकघरात. पावणे "वहिनी, पाणी" म्हणत आत शिरतात अन् आतून म्हैस वरडती!

तेबी चाललं होतं. पण आज सकाळी भाकरी थापता थापता म्हणती, "आवं, तिला तिकडं लय कोंदटतंय. तिलाबी एक खिडकी काढून द्या."

चारी भिताडं फिरून झालीत हो... पण मी काय म्हणणार? म्हणलं, "हाव."