दाढेतले सात किडे आणि डाक्टरची दुर्बीण

...आन् वर मलाच म्हणत्यात, आ कर! अवो, मानसानं आ करायचा तरी किती? आठ दिस झालं, येतंय ते माज्या तोंडात वाकून बघतंय, जसं काय हिरीत घागर पडलीया! तोंड कुणाचं? माजंच न्हवं?

तुमाला सांगतो, मी नागोजी, शापूरचा विणकर. दाढ लागली ठणकाय, हिरडीतनं रगात. आमची दुर्गा म्हणती, "अवो, किडा लागलाय, गल्लीतल्या मनुबाईकडनं धुरी घ्या." घेतली! म्हातारीनं निखाऱ्यावर रिंगणीच्या बिया टाकल्या, डोस्क्यावर कांबळं, तोंडात धूर, डोळ्यात पानी, नाकात... जाऊ द्या! आन् खाली परातीत टपाटपा सात किडं! पांढरंफेक! सगळ्या गल्लीनं मोजलं. "काय रं नागोजी, कसलं पोसलतास!" आन् दाढ? ठणकतीयाच की!

म्हणून ते सात पुडीत बांधून गेलतो बेळगावला, लष्कराच्या कंपात, मारुतीराव म्हणून दाताचा डाक्टर हाय त्याच्याकडं. त्यो चष्मा सारून म्हणतोय कसा, "अहो, हे किडे नव्हेत. भाजलेल्या बियांतले कोंब आहेत." म्हटलं, सुटलो! म्हंजी किडं न्हाईत! तर म्हणतो, "थांबा." हिरडी खरवडली, निघालेला मळ काचंवर घेतला, बारीक मोठं दावणाऱ्या दुर्बिणीखाली धरला... "आहेत! चांगले सरपटतायत! नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, एवढंच."

घ्या! दिसलं ते न्हाईत, आन् दिसत न्हाईत ते हाईत! तोंड कुणाचं? माजं! आन् त्यात कोन ऱ्हातंय ते मला सोडून सगळ्यास्नी ठावं!

डाक्टरनं बाटली दिली. "रोज चुळा भरा, नाहीतर सगळे दात हलतील. आणि जपा, हे तोंडातून तोंडात जातात."

हितंच घात झाला बगा. मी शाना, घरात येऊन तसंच्या तसं सांगितलं. दुर्गाचा भाकरी थापायचा हात थांबला. "तोंडातनं तोंडात? ...कुणाच्या वो?"

म्हटलं, अगं बाई, मागाच्या धोट्यातनं आलं आसंल! आमी विणकर धोट्याच्या भोकातनं सूत तोंडानंच वढून काढतो, आज ह्येचा धोटा, उद्या त्येचा... तर म्हणती, "मग गेल्या आठवड्यात कुणाचा वढलासा?" आता खोटं कशाला बोलू? शेजारच्या चंद्राबाईचा! एवढंच बोललो, आन् तीन दिस चूल गप्प! किती शपता घेतल्या! "त्ये बारीक किडं दिसतच न्हाईत गं!" तर म्हणती, "लपवायचं आसतंय ते कसं दिसंल?"

तोंड कुणाचं? माजं! पर उघडायची सोय हाय?

शेवटी काल मुकाट्यानं मनुबाईपुढं परत आ केला. अकरा पडलं! दुर्गानं सोता मोजलं, पदरानं डोळं पुसलं, म्हणाली, "हे बगा, दिसत्यात की! घरचंच हाईत!" आन् डाक्टराची बाटली तिनं मोरीत वतली.

आता येळंवर ताटात भाकरी पडतीया, मंडळी. चावता येत न्हाय, त्ये सोडा.