एका मोज्याचं पार्सल

हॅलो?… कोण?… नाही, काही विकायला फोन केला असेल तर आम्हाला खिडक्या बदलायच्या नाहीत, आधीच सांगते… मग कोण?… हेडली? कुठले हेडली?… अय्या, म्हणजे काल इतिहासाच्या तासाला शाळेत आलेले रोमन शिपाई? अहो, मग तसं सांगा ना. चिलखत नसलं की मी ओळखायचं कसं… हो, मी हेदर. टेसची आई.

नंबर शाळेतून मिळाला?… असू दे हो, बरंच झालं. मीच तुम्हाला शोधत होते… छे, तक्रार कसली. आभार मानायचेत… तुमचं सांगा नंतर, आधी माझं ऐका.

टेस, तो ट्रे खाली ठेव… तुम्हाला नाही हो. कालपासून घरात तुमची पलटण उतरलीय. केकचा ट्रे ही एक ढाल, इस्त्रीचं टेबल ही दुसरी, आणि त्याखाली मी, ती आणि कुत्रा. तुम्ही शिकवलंत तसं, ढाली डोक्यावर धरून कासव करत जिन्यापर्यंत गेलो. माझ्या गुडघ्यांचं विचारूच नका…

हं?… येते, मुद्द्यावर येते. माझा नवरा, कॉलिन, सैन्यात आहे. सध्या एस्टोनियात, सहा महिन्यांसाठी. टेसच्या नवव्या वाढदिवसाला चार दिवस होते आणि हा गेला. तेव्हापासून पोरगी त्याच्याशी बोलत नाही… एक शब्द नाही. सात आठवडे झाले. दर गुरुवारी सहाला त्याचा फोन येतो, आणि ही न्हाणीघरात जाऊन आतून कडी लावते. मग मीच त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारते… हो ना. काय करणार.

काल घरी आली ती विचारतच. 'आई, रोमन शिपाई पंचवीस वर्षं नोकरी करायचे. बाबांची किती?' म्हटलं, सहा महिने. मग बोटं मोजत बसली. म्हणते, 'पंचवीस वर्षांनी मी चौतीसची असेन. म्हातारी.'… हसताय? मी चौतीसचीच आहे.

हो, हो, तुम्ही वर्गात दाखवलंत तेच पत्र. रोमनांच्या जुन्या भिंतीजवळच्या चिखलात सापडलेलं, लाकडाच्या पातळ पट्टीवरचं… शिपायाला घरून आलेलं ना? मोजे आणि दोन चड्ड्या पाठवल्यात म्हणून… अख्खा वर्ग चड्ड्यांवर हसला म्हणे. ही नाही हसली. घरी आल्या आल्या कपाट उघडलं, कॉलिनच्या दोन चड्ड्या काढल्या, खोक्यात भरल्या, वर चिठ्ठी. चिकटपट्टीही स्वतःच लावली, मला हात लावू दिला नाही… टाकलं ना, आज शाळा सुटल्यावर पोस्टात. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, आत काय आहे? तर खणखणीत आवाजात, 'चड्ड्या'. मागे अर्धं गाव रांगेत…

बरं, तुमचं सांगा आता. काय हरवलंय?… मोजा? काल वर्गात दाखवलेला?… तपकिरी, लोकरीचा, अंगठ्याला वेगळं घर असलेला… नाही हो, आमच्याकडे कुठून…

टेस. इकडे ये जरा. मिस्टर हेडलींचा मोजा… जमिनीकडे काय बघतेस, माझ्याकडे बघ… कुठे?… खोक्यात?

मिस्टर हेडली, कसं सांगू तुम्हाला. तुमचा मोजा एस्टोनियाच्या वाटेवर आहे… म्हणते, रोमन शिपायाला मोजे मिळाले, बाबांना कुणी पाठवलेच नाहीत… हो, पण विचारायचं तरी. मेल्याहून मेल्यासारखं झालंय मला. मी नवा विणून देते, मला येतं विणायला… तो कुणी विणला होता?… विनीनं. तुमच्या मिसेसनी… कधी गेल्या?…

ऐकतेय मी… एकाच सुईनं, जुन्या पद्धतीनं… शेवटच्या हिवाळ्यात, अंथरुणात बसून…

नाही, आता ऐका माझं. मी कॉलिनला आजच सांगते, खोकं आलं की न उघडता परत पाठव… का?… का नको?…

विनीताईंना आवडलं असतं?… माझं मन राखायला नाही ना म्हणत?… काय?… दुसराही आणून देताय? अहो, मग उद्या शाळांमधून दाखवणार काय?… नुसत्या चड्ड्या. तुम्हीही कमालच आहात.

टेस, ऐकलंस का? ये, काहीतरी बोल त्यांच्याशी… नुसती मान हलवतेय हो. शनिवारी चहाला या, तेव्हा नीट बोलू. फार मोठे उपकार केलेत तुम्ही. सात आठवड्यांत तिनं पहिल्यांदा कागदावर 'बाबा' लिहिलं, एवढंच सांगते.

थांबा हं, माझा मोबाईल वाजतोय… सहा वाजले वाटतं. कॉलिनच तो. टेस, मी ह्या फोनवर आहे, तू जरा…

नाही, ठेवू नका, थांबा… न्हाणीघराकडे नाही गेली… उचलला. मिस्टर हेडली, तिनं उचलला.

श्श… विचारतेय, 'बाबा, तिकडे पाय गार पडतात का?'

…ठेवते हं मी. मला हे ऐकायचंय.